शिक्षकांनी स्वतःचं शिकायचं नेटवर्क कसं उभं करायचं? (व्हॉट्सॲप ग्रुप सोडून बोला)

सावळघाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात जि.प. शाळेवर आहे. पवित्र पोर्टलमधून लागलो, मूळचा मराठवाड्यातला. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र. शिकवायला आवडतं, पोरंही गोड आहेत, पण अडलं की विचारायचं कोणाला हा प्रश्न आहे. सोबतचे सर चांगले आहेत पण पहिली-दुसरी, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरणं यातच त्यांचा दिवस जातो. ग्रुप म्हणाल तर केंद्राचा (म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांचा), तालुक्याचा, संघटनेचा, डीएडच्या बॅचचा, 'तंत्रस्नेही' नावाचे दोन, सगळे आहेत. त्यात काय येतं ते तुम्हाला माहितीच आहे: जीआरची पीडीएफ, 'लिंक आजच भरा', वाढदिवस, सुविचार.

आता माझा खरा प्रश्न असा की ५२ मधून २७ वजा करा म्हटलं की निम्मी पोरं ३५ लिहितात. का लिहितात ते कळतं, पण यातून बाहेर कसं काढायचं ते कळत नाही. हे मी केंद्राच्या ग्रुपवर टाकलं तर तीन अंगठे आले आणि लगेच खाली कुणाच्या तरी सेवापूर्तीचा बॅनर.

एका वेबिनारमध्ये 'पर्सनल लर्निंग नेटवर्क' असं ऐकलं, पीएलएन म्हणतात. म्हणजे आपल्याला शिकवतील, आपण ज्यांच्याकडून शिकू अशी माणसं, वाचन, साइट्स सगळं आपलं आपण जोडत न्यायचं. ऐकायला भारी वाटलं. प्रत्यक्षात कोणी केलंय का? कसं?

निफाडचा_गडी
पहिलं काम, निम्म्या ग्रुपातून बाहेर पडा.

सावळघाट
@निफाडचा_गडी पडता येत नाय हो. 'लेफ्ट' दिसलं की संध्याकाळी फोन येतो, "काय गुरुजी, काही नाराजी?"

मिसळ_विथ_पापड
मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी नाक खुपसतो. आमच्या पालकांच्या ग्रुपवर वर्षभर एकच ज्ञान मिळतं, उद्या कोणता गणवेश. तेव्हा तुमचं दुःख समजू शकतो. दिवा घ्या (हलकेच घ्या).

खडूफळा
चांगला विषय. मी निवृत्त आहे त्यामुळे वेळ भरपूर, लांबलचक लिहितो, सहन करा.

हे नेटवर्क वगैरे नाव नवीन असेल, गोष्ट नवीन नाही. आपल्याकडे केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते ना, तिचा मूळ हेतू काय होता? दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र बसून या महिन्यात वर्गात काय झालं ते बोलतील. आता तिथे काय होतं ते सावळघाट सरांना विचारायलाच नको. आधी सूचना, मग सूचनांवरच्या सूचना, मग जेवण.

पण हे जमलेलं मी वाचलंय. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी केला, पुढे एकलव्यने तो सांभाळला. तिथे शिक्षकांची मासिक गोष्ठी व्हायची. गोष्ठी म्हणजे बैठकच. पण विषय वरून यायचा नाही. या महिन्यात कोणता प्रयोग फसला, पोरांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचं उत्तर आलं नाही, यावरच बोलायचं. मुलांनी पत्रं लिहायची ती 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला, आणि त्याच्या नावाने त्यांना उत्तरं जायची. साध्या खेड्यातले शिक्षक, हातात मोबाईल नाही काही नाही, तरी त्यांचं जाळं होतं. २००२ ला सरकारने तो कार्यक्रम बंद केला, तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर धागा तिकडेच जाईल.

तर माझं म्हणणं, मोबाईल असण्या-नसण्याने फार फरक पडत नाही. बैठकीत काय बोलायचं हे कोण ठरवतं, तिथे सगळं अडतं.

कॉलेजरोडवरून
खडूफळा सर, शेवटच्या वाक्याला +१.

मी नाशकातच खासगी शाळेत आहे, इंग्रजी माध्यम. माझा अनुभव जरा वेगळा. मला तरी परदेशातल्या शिक्षकांचे ब्लॉग आणि ट्विटर (आता एक्स) यावरून खूप मिळालं. पीएलएन ही कल्पना ज्या मंडळींनी उचलून धरली त्यात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स ही दोन नावं येतात. २००८ मध्ये या दोघांनी कॅनडातून एक खुला कोर्स चालवला, विद्यापीठात फी भरून शिकणारे पंचवीसच्या आसपास आणि ऑनलाइन फुकट येऊन बसलेले बावीसशे. आणि गंमत म्हणजे त्यात शिकवणाऱ्यापेक्षा शिकणारेच एकमेकांना ब्लॉग लिहून शिकवत होते. मूक (MOOC, म्हणजे कोणालाही खुला असलेला मोठा ऑनलाइन कोर्स) हा शब्द त्या कोर्सवरून निघाला.

दुसरं म्हणजे, फक्त आपल्या केंद्रातली माणसं धरून बसू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा एक गाजलेला लेख आहे. त्याचं म्हणणं असं की नवी माहिती, नोकरीच्या संधी वगैरे आपल्याला जवळच्या मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त मिळतात, कारण जवळच्यांना जे माहिती असतं ते आपल्यालाही आधीच माहिती असतं. शिक्षकांनाही हे लागू आहे असं मला वाटतं. पेठमधल्या दहा शिक्षकांची अडचण एकच असेल तर उत्तर पेठच्या बाहेर शोधावं लागेल.

लाल_शेरा
कॉलेजरोडवरून मॅडम/सर, तुमच्या वर्गात प्रोजेक्टर आहे, आमच्याकडे पावसाळ्यात लाइट नसते. टेकडीवर चढून रेंज पकडणाऱ्या माणसाला कॅनडा सांगताय.

आणि एक सांगतो, ही नेटवर्कं मी भरपूर पाहिलीत. सगळी शेवटी शोकेस होतात. प्रत्येक जण आपला उपक्रम टाकतो, फोटो एकदम फर्स्टक्लास, मुलं रांगेत, हातात तक्ते, वर 'राज्यातील पहिलाच उपक्रम'. पुरस्काराची फाईल जाड होते. पोराला ५२ वजा २७ येतं का ते कोणी विचारत नाही.

कॉलेजरोडवरून
@लाल_शेरा मॅडम. आणि लाइट कॉलेज रोडलाही जाते :)
शोकेसबद्दल मात्र सहमत.

निफाडचा_गडी
कुमठे बीट आठवलं. साताऱ्याकडचं. भारडे मॅडमनी विस्तार अधिकारी असताना तिथे ज्ञानरचनावादाचं (मूल स्वतः करून बघत आपलं ज्ञान आपण घडवतं, ही पद्धत) फार मोठं काम उभं केलं, २०१५ च्या आसपास महाराष्ट्रभरातनं शिक्षक गाड्या करकरून बघायला जायचे. आमच्याकडूनही गेले होते. परत आल्यावर काय केलं तर वर्गाच्या फरशीवर रंगाने चौकटी आखल्या. फरशी झाली रचनावादी, बाई आपल्या खुर्चीतच. सगळ्यांनी असं केलं म्हणत नाही, काहींनी खरंच पद्धत बदलली. पण डोळ्याला दिसतं तेच लवकर उचललं जातं. तिथल्या शिक्षकांशी नंतर बोलत राहिले असते तर फरक पडला असता. एका दिवसाच्या सहलीने नेटवर्क होत नसतं.

बागलाणकर
मला मुळात हा सगळा प्रकारच पटत नाही. शिक्षकाचं प्रशिक्षण ही सरकारची जबाबदारी. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) लिहिलंय, शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण. मिळतं काय? दीक्षा ॲपवर व्हिडिओ. एका हाताने कुकर लावायचा, दुसऱ्या हाताने 'नेक्स्ट' दाबायचं, शेवटी प्रश्नमंजुषा, प्रमाणपत्र डाऊनलोड. आणि आता वरून म्हणायचं की बाबा तुझं तूच शीक, तुझ्या वेळात, तुझ्या डेटापॅकवर, त्याला गोंडस नाव द्यायचं पीएलएन.

त्यात आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. आमच्याकडं पन्नाशीला आलेली माणसं बालमानसशास्त्राच्या गाईड घेऊन बसलीत. त्यांना सांगा नेटवर्क उभं करा म्हणून. मारतील.

खडूफळा
@बागलाणकर राग समजतो. पण एक विचारू का, टीईटीसाठी ही मंडळी अभ्यास कशी करतायत?

बागलाणकर
चार जण मिळून. रोज संध्याकाळी एकाच्या घरी. एक जण गणित घेतो, मी मराठी.

खडूफळा
बरं.

मिसळ_विथ_पापड
गुरुजींनी गुगली टाकली :)

बागलाणकर
हां, कळलं कळलं. पण ते आम्ही नोकरी वाचवायला करतोय. आणि माझा मुद्दा तसाच आहे, शासनाने तास द्यावेत, कामाच्या वेळेत द्यावेत. माणसं आपणहून शिकतात म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही.

गोदाकाठची
बागलाणकर दादांचा 'कामाच्या वेळेत' हा मुद्दा सोडू नका कोणी, बायकांसाठी तर तो फार महत्त्वाचा आहे.

पुरुष शिक्षक शाळा सुटल्यावर टपरीवर थांबतात. कोणत्या शाळेत काय चाललंय, कोणता अधिकारी काय म्हणाला, कोणतं पुस्तक चांगलं, हे सगळं त्या चहावर होतं. आम्ही थांबलो तर घरी स्वयंपाक कोण करणार, आणि थांबलो तरी चार लोक बघणार ते वेगळंच. त्यामुळे 'अनौपचारिक शिकणं' म्हणतात ना ते आमच्या वाट्याला कमीच येतं.

आम्ही काय केलं सांगते. आम्ही पाच-सहा जणी नाशिकहून पेठ रोडने अपडाऊन करतो, एक गाडी लावलीय महिन्याच्या बोलीवर. जाता-येता मिळून बराच वेळ हातात असतो. आधी झोपायचो नाहीतर मालिका बघायचो. मग एकीने सुरुवात केली, सकाळी जाताना एक जण काहीतरी वाचून दाखवणार. 'जीवन शिक्षण'मधला लेख, 'पालकनीती'तला, 'शैक्षणिक संदर्भ'चा जुना अंक, कधी वर्तमानपत्रातलं कात्रण. येताना आज वर्गात काय झालं ते. नियम काही नाही, फक्त साहेबांबद्दल बोलायचं नाही कारण मग घाट संपेपर्यंत तेच चालतं. आमच्यात एक हायस्कूलची आहे, एक उर्दू शाळेची आहे जी अर्ध्या वाटेवर उतरते, आणि खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त तिच्याकडूनच शिकायला मिळालं, कारण ती वाचन शिकवताना वेगळाच विचार करते, तिच्याकडे लिपीच उजवीकडून डावीकडे. कॉलेजरोडवरून ताईंनी ते तोंडओळखीचं सांगितलं ते म्हणूनच पटलं.

ड्रायव्हर दादा पण ऐकतात. परवा म्हणाले, "मॅडम, कालचा धडा अर्धा राहिला."

लाल_शेरा
हे आवडलं. याचा फोटो काढून उपक्रम म्हणून टाकू नका म्हणजे झालं.

गोदाकाठची
टाकणार नाही सर, गाडीत उजेडच नसतो.

गणितवेडी
धागा नेटवर्कवर गेला, पण ५२ वजा २७ तसंच राहिलं की! त्यावर लिहिते.

३५ लिहिणारं मूल उगाच काहीतरी लिहीत नाही, त्याचा नियम पक्का आहे: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा. ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. हा नियम बिनहातच्याच्या उदाहरणांत कायम बरोबर ठरला, म्हणून तो मनात बसला. तेव्हा लगेच 'दशक सुटा करा' ही रीत सांगू नका, ती जुन्या नियमाशेजारी जाऊन बसेल आणि पोरं कधी ही कधी ती वापरतील.

१. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्या. ५२ मांडायला सांगा. आता २७ मला दे म्हणा. सुट्या दोनच आहेत, सात द्यायच्यात, मूल थांबेल. थांबू द्या! तुम्ही गठ्ठ्याचं रबर सोडू नका, त्याला सोडू दे.
२. नंतर त्याला त्याचं ३५ दाखवा आणि विचारा, ३५ आणि २७ मिळून किती. ६२ आले की ते स्वतःच डोकं खाजवेल.
३. हे सगळं दहाच्या नोटा आणि रुपयाच्या नाण्यांनी परत. खेळण्यातल्या नोटा चालतात. दुकानातला सुट्यांचा प्रश्न त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असतो.
४. कागदावरची रीत सगळ्यात शेवटी.

आणि एक, वहीत सगळ्यांची ३५ सारखी नसतात. एखाद्याचं मोजताना चुकलेलं असतं. दोन-तीन जणांना बोलतं करा, "कसं केलंस ते सांग" एवढंच.

सावळघाट
गणितवेडी ताई, दंडवत. केंद्राच्या ग्रुपवर महिनाभर हेच विचारत होतो. सोमवारी काड्या.

मिसळ_विथ_पापड
म्हणजे तुमचं नेटवर्क झालं की उभं. धागा बंद करायचा का?

निफाडचा_गडी
एवढ्यात कुठं. ताई आज ऑनलाइन होत्या म्हणून जमलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कोणाला हाच प्रश्न पडेल तेव्हा हे सापडणार आहे का? व्हॉट्सॲपवर तर गेलं की गेलंच, वरती पाचशे सुविचार चढतात. मी एक साधी वही केलीय. डावीकडे प्रश्न, उजवीकडे कोणी काय सांगितलं, आणि करून बघितल्यावर काय झालं ते लाल पेनने. कोणाला हवं असेल तर पानाचा फोटो पाठवतो. ड्राइव्हवर फोल्डर करणारे असतील तर उत्तम, पण मला वहीच जमते.

सुरगाण्याहून
वाखू (वाचनखूण) साठवली.

थोडं वेगळं. आमच्याकडे पोरं घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची कोंकणी नव्हे) बोलतात, तुमच्याकडेही असतील. पहिले दोन महिने मला वाटायचं पोरांना गणित येत नाही. खरं तर त्यांना माझी मराठी कळत नव्हती. 'वजा', 'उरले', 'पेक्षा' हे शब्दच परके. त्यासाठी नाशिकच्या किंवा पुण्याच्या कोणत्या तज्ज्ञाकडे जाणार? माझ्या कामी आल्या अंगणवाडीच्या ताई, त्या गावातल्याच. रोज दुपारी त्यांना दोन-तीन शब्द विचारायचो, मग पोरांकडून खात्री करून भिंतीवर लावायचो. शाळा व्यवस्थापन समितीतले एक आजोबा हिशोब तोंडी कसा करतात ते बघून तर मी माझी शिकवायची पद्धतच फिरवली. तेव्हा नेटवर्क म्हणजे फक्त शिक्षक असं धरू नका. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट संस्थेचं वाचन-लेखनाचं काम आहे, आदिवासी भागातल्या मुलांना डोळ्यापुढे ठेवून केलेलं, ते नक्की बघा. विज्ञानाला अरविंद गुप्तांची साइट आहेच, टाकाऊतून खेळणी, मराठीतही भरपूर साहित्य आहे.

अजून एक, वहीचे फोटो टाकताना मुलाचं नाव झाका. व्हिडिओत चेहरे टाकूच नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं कलम आहे. कायदा बाजूला ठेवा, ज्याचं चुकलंय त्या पोराचं नाव पन्नास मोबाईलवर का जावं?

कॉलेजरोडवरून
@सुरगाण्याहून फार नेमकं. आमच्याकडे तर रोज रील निघतात.

एक सुचवते. स्कॉटलंडमध्ये एडिंबराला २००६ साली शिक्षकांनी 'टीचमीट' नावाचा प्रकार सुरू केला. संध्याकाळी कुठेतरी जमायचं, ज्याला बोलायचंय त्याने सात मिनिटं किंवा दोन मिनिटं बोलायचं, विषय फक्त वर्गात प्रत्यक्ष केलेलं काही. प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही. आपण करूया का? शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी नाशकात जमता येईल.

लाल_शेरा
शाल-श्रीफळ नाही?

कॉलेजरोडवरून
नाही सर.

लाल_शेरा
मग येतो. पण माझी एक अट. जमलेलं कोणी सांगायचं नाही, अडलेलंच सांगायचं. जमलेलं ऐकून फक्त टाळ्या वाजवतात लोक.

गणितवेडी
अर्धं मान्य. अडलेलंच सगळे सांगत बसलो तर रडगाणं होईल. अडलेलं सांगा, पण सोबत मुलांची वही आणा. वही समोर असली की गप्पा भरकटत नाहीत.

मिसळ_विथ_पापड
ठिकाण मी सुचवू का? मिसळ खात खात...

निफाडचा_गडी
नको. वहीवर तर्री सांडते.

खडूफळा
सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) विचारून बघतो, टिळक पथावर, सीबीएस स्टँडहून चालत येता येतं. १८४० पासूनचं वाचनालय आहे, शिक्षकांना बसायला जागा मिळाली तर बरंच. नाहीच मिळाली तर माझं घर आहे, चहा माझा.

बागलाणकर
सटाण्याहून शनिवारी दुपारी यायचं म्हणजे रात्र होते परतायला. फोनवर जोडून घ्या. आणि विषयात हेही घ्या की प्रशिक्षण कामाच्या वेळेत मागायचं कसं. नुसतं काड्या-गठ्ठे नको.

गोदाकाठची
घ्या हो विषय. आणि वेळ तीनच्या आधी ठेवा, आमच्या गाडीतल्या दोघी तरच येतील. अवांतर: दहा जणांच्या वर जाऊ नये असं मला वाटतं, मग परत परिषद होते.

सावळघाट
मी येतो. सुरगाण्याहून सर, तुमचे भिंतीवरचे शब्द आणता का? आमच्या पाड्यावर थोडे वेगळे असतील, ताडून बघू. बाकी मला हिशोब असा दिसतोय: गणिताला ताई, भाषेला तुम्ही आणि आमच्या अंगणवाडीच्या ताई (त्यांना मी अजून कधी काही विचारलंच नव्हतं), वाचायला गोदाकाठची ताईंच्या गाडीतली यादी. ग्रुप म्यूट करतोय, लेफ्ट नाही.

अंकुर_७
उशिरा आलो. मी येवल्याकडे पहिलीला आहे, यंदाच लागलोय. माझी चार-पाच पोरं 'म' आणि 'भ' मध्ये गडबडतात, वाचताना नाही, फक्त लिहिताना. श्रुतलेखनाचे फोटो आहेत. इथे टाकले तर चालतील का की वेगळा धागा काढू?

सुरगाण्याहून
इथेच टाका. वरचं नाव झाकून.

गणितवेडी
आणि तीच मुलं फळ्यावर बघून लिहितात तेव्हा काय होतं, त्याचाही एक फोटो टाका.